हँडल वर घेताना : मोटारसायकलीच्या बैठकीचा एक अलिखित इतिहास

तिरोड्याहून बोदलकशाकडे निघाले की पहिले काही मैल दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या असतात आणि मग रस्ता हळूहळू झाडीत शिरतो. गोंदिया जिल्ह्याच्या या भागात वाहनाचा वेग चालक ठरवीत नाही. गावाच्या तोंडाशी बसवलेले गतिरोधक तो ठरवतात, सायंकाळी घरी परतणारी गुरे ठरवतात, वळणावर अचानक समोर येणारा, पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर ठरवतो. ताशी ४० किलोमीटर हा इथला सुज्ञ वेग. रस्त्याच्या शेवटी, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत इंग्रजी अमदानीत धानाच्या ओलितासाठी बांधलेला विस्तीर्ण तलाव आहे. त्याच्या पाळीवर उभे राहिले की नागझिऱ्याच्या बाजूचे डोंगर दिसतात आणि हिवाळ्यात पाण्यावर पाहुण्या पक्ष्यांचे थवे दिसतात.

काही वर्षांपूर्वी, चाळिशी उलटल्यावर, तरुणपणी राहून गेलेली एक हौस म्हणून मी वापरलेली स्पोर्ट्स मोटारसायकल विकत घेतली. तिचे हँडल आखूड, दोन तुकड्यांचे आणि टाकीच्या पातळीशी टेकलेले होते. त्यावर बसायचे म्हणजे कमरेतून पुढे वाकायचे, मान वर उचलायची आणि धडाचा निम्मा भार तळहातांवर सोडायचा. बोदलकशाच्या पहिल्याच फेरीत माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले. परतताना वाटेतल्या एका गॅरेजसमोर थांबून मी हात झटकत होतो, तेव्हा तिथल्या मिस्त्रीने न विचारताच निदान केले : ‘‘हात भरून येते का सर? मंग हँडल वर घेऊन टाकू ना.’’ दीड-दोन तासांत त्याने हँडल दोन बोटे वर घेतले. पुढच्या फेरीत हात दुखला नाही. शिवाय, ज्या रस्त्यावरून मी आधी गेलो होतो तो रस्ता मी प्रथमच पाहिला, कारण पहिल्या खेपेस मला पुढच्या चाकापलीकडचे फारसे काही दिसलेच नव्हते.

‘वर घेऊन टाकू’ हे त्याचे शब्द सहज होते. त्यामागे सरावाचा आत्मविश्वास होता. असे हँडल त्याने पूर्वी अनेकदा वर घेतले असणार. त्या सहजतेने मला विचारात पाडले. कारखान्यातून बाहेर पडलेल्या वस्तूत झालेल्या या दुरुस्तीला काही इतिहास आहे काय? असल्यास तो कोठे लिहिला आहे? मोटारसायकलीचे इतिहास इंजिनांचे असतात, कंपन्यांचे असतात, शर्यतींचे आणि विक्रमांचे असतात. माणूस त्या यंत्रावर बसतो कसा, आणि तसे बसावे हे कोणी ठरवले, याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा अल्पसा प्रयत्न आहे.

मराठीत ‘बैठक’ हा शब्द अनेक अर्थांनी वापरला जातो. गाण्याची बैठक, व्यायामातली बैठक, विचारांची बैठक आणि घोड्यावरची बैठक. यांपैकी शेवटचा अर्थ आपल्या विषयाला जवळचा आहे. मराठी फौजेतला घोडेस्वार दिवसामागून दिवस कूच करणारा होता. त्याची बैठक लांब पल्ल्याची, घोड्याला आणि स्वतःला टिकवून धरणारी असावी लागे. या स्वारांत बारगीर आणि शिलेदार असा भेद होता. बारगिराचे घोडे सरकारचे, शिलेदाराचे घोडे स्वतःचे. हा भेद लक्षात ठेवावा. पुढे तो कामास येणार आहे.

याच्या नेमकी उलट बैठक म्हणजे शर्यतीतल्या जॉकीची. १८९७ मध्ये टॉड स्लोन हा अमेरिकन जॉकी इंग्लंडात आला तेव्हा तेथील घोडेस्वार ताठ बसत. स्लोन रिकीब आखूड करून घोड्याच्या मानेवर जवळजवळ आडवा होई. प्रेक्षकांनी त्याला काठीवर चढलेल्या माकडाची उपमा देऊन हसे केले. पण तो जिंकू लागल्यावर हसणारेच त्याचे अनुकरण करू लागले. आज मुंबईच्या महालक्ष्मीवर किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जो जॉकी दिसतो तो त्याच बैठकीचा वारस आहे. मात्र त्या बैठकीने कोणी मुंबईहून पुण्याला घोड्यावर जात नाही. काही मिनिटांच्या शर्यतीसाठी ती बैठक आहे, हे घोड्याच्या बाबतीत सर्वांना ठाऊक असते.

सायकलीच्या बाबतीत ही जाण प्रथम हरवली. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली याच्या ‘रोव्हर’ सायकलीने दोन सारख्या चाकांचा आजचा आकार रूढ केला आणि पुढच्याच दशकात युरोप-अमेरिकेत सायकलीचे वेड पसरले. शर्यतवीर खाली वळवलेल्या हँडलवर वाकून सायकल हाकीत. त्यांचे पाहून कचेरीत जाणारे कारकूनही तसेच वाकू लागले. डॉक्टरांनी या वाकण्यापायी पाठीला कायमचा बाक येईल असा इशारा दिला आणि त्या काल्पनिक व्याधीला एक भारदस्त लॅटिन नावही मिळाले. भीती अतिरंजित होती. पण तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण खरे होते : लोक वेगासाठी वाकत नव्हते, वेगवान दिसण्यासाठी वाकत होते. स्पोर्ट्स मोटारसायकलीच्या पुढच्या साऱ्या इतिहासाची गुरुकिल्ली या एका निरीक्षणात आहे असे मला वाटते.

वाकण्यात तथ्य नाही असे मात्र कोणी समजू नये. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरला हवा जेवढी अडवते, त्याच्या नऊपट ती ताशी १२० ला अडवते. म्हणून वेगात जाणाऱ्याने वाऱ्याला छाती न दाखवणे शहाणपणाचे असते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की पुढे वाकलेल्या स्वाराच्या छातीखाली वेगवान हवेचा दाब येतो आणि तोच त्याचे धड थोडेफार तोलून धरतो. मनगटांवरचा भार वारा वाटून घेतो. म्हणजे स्पोर्ट्स बैठक हा स्वार आणि वारा यांच्यातला करार आहे. स्वाराने वाकायचे आणि वाऱ्याने त्याला उचलायचे. ताशी ४० ला वारा आपली बाजू पाळीत नाही. सारा भार तळहातांवर येतो. करंगळीकडे जाणारी नस मनगटाच्या अरुंद वाटेत दाबली जाते आणि बोटे बधिर होतात. लांब पल्ल्याच्या सायकलपटूंना हे दुखणे फार पूर्वीपासून माहीत आहे. माझ्या हाताला बोदलकशाच्या रस्त्यावर जे झाले त्याचे कारण एवढेच होते : करार एकतर्फी पाळला जात होता.

हा करार जिथे झाला ती भूमी इंग्लंडची. १९०७ पासून आइल ऑफ मॅन बेटावर सुरू झालेल्या शर्यतींनी मोटारसायकलीला तिची कसोटी दिली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शर्यतीची बैठक रस्त्यावर उतरली. समोरच्या फोर्कच्या दोन नळ्यांना अखंड दांड्याऐवजी दोन स्वतंत्र तुकडे चापांनी आवळायचे, हेच ते क्लिप-ऑन हँडल. बी. एस. ए. कंपनीच्या १९५६ च्या गोल्ड स्टारवर ते होते. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर १९३८ मध्ये सुरू झालेल्या ‘एस कॅफे’भोवती जमणारे कामगारवर्गातले तरुण आपापल्या साध्या गाड्यांची हँडले काढून तिथे हे तुकडे बसवीत आणि ताशी १०० मैल गाठण्याची ईर्ष्या धरीत. येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्या तरुणांनीही कारखान्याची बैठक बदललीच होती. त्यांनी हँडल खाली घेतले. आज स्पोर्ट्स बैठकीची मूळ शुद्धता म्हणून जी सांगितली जाते, तीसुद्धा रस्त्यावर राहणाऱ्या पोरांनी केलेल्या फेरफारातून आकाराला आलेली आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. आपल्याकडे मध्यमवर्गाने दुचाकी यंत्रावर बसण्याचा पहिला मोठा धडा मोटारसायकलीवर घेतलाच नाही, तो स्कूटरवर घेतला. १९४६ मध्ये व्हेस्पाचा आराखडा करणारे कोरादिनो दास्कानियो हे विमानविद्येतले अभियंते होते आणि त्यांना मोटारसायकली आवडत नसत. इंजिनावर टांग टाकून बसणे, कपडे तेलकट होणे हे सारे टाळून खुर्चीवर बसावे तसे बसता येईल असे वाहन त्यांनी रेखाटले. तेच वाहन बजाजने पिआजिओच्या परवान्याने पुण्याजवळ आकुर्डीला बनवले आणि परवान्याची मुदत संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ हे स्वतःचे नाव दिले. धोतर नेसलेला शिक्षक, मागे एका बाजूस पाय सोडून बसलेली लुगड्यातली बाई आणि पुढच्या मोकळ्या जागेत उभे असलेले मूल, हे सर्व त्या बैठकीत मावत असे. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करणारे हे वाहन प्रत्यक्षात खुर्चीच होते, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही.

ग्रामीण भागाची गोष्ट वेगळी. तिथे खडीचे रस्ते, नाल्यांवरचे रपटे आणि ओझी होती. एस्कॉर्ट्सची राजदूत, मैसूरची जावा आणि पुढे येझदी, मद्रासची एनफिल्ड या ‘फटफट्यां’नी ती गरज भागवली. पोलंडच्या एका गाडीवरून घडवलेली १७५ सीसीची राजदूत १९६०च्या दशकापासून दूधवाल्यांची, ग्रामसेवकांची, व्यापाऱ्यांची गाडी झाली. या सर्वांची हँडले रुंद, उंच आणि स्वाराच्या अंगावर येणारी असत. कॅन लटकवलेली, पोती बांधलेली गाडी कमी वेगात वळवायची तर तरफ लांब हवी, हे तिथे कोणाला शिकवावे लागले नाही. इतकेच काय, १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटाने ज्या ठेंगण्या राजदूतला ‘बॉबी’ हेच नाव मिळवून दिले, तिचे हँडलही उंचच होते. त्या काळच्या तारुण्याची प्रतिमा ताठ बसणारी होती.

१९८४ ते १९८६ या काळात जपानी सहकार्याच्या १०० सीसी गाड्या आल्या : सुझुकी, होंडा, यामाहा आणि बजाजची कावासाकी. त्यांनी पेट्रोल वाचवले, आवाज कमी केला. पण बैठक फारशी बदलली नाही. खरा बदल नव्या शतकात झाला. नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजने पल्सर बाजारात आणली आणि पुण्याजवळचे चाकण हे नाव मोटारसायकलीच्या नकाशावर ठळक झाले. २००३ मध्ये हिरो होंडाची करिझ्मा आली. २००४ मध्ये ‘धूम’ चित्रपटात मुंबईच्या रस्त्यांवर वाकून गाड्या पळवणारी चोरांची टोळी दिसली आणि देशभरच्या पोरांना ताठ बसणे एकाएकी म्हातारपणाचे वाटू लागले. २००७ च्या २०० आणि २२० सीसी पल्सरवर क्लिप-ऑन हँडल आले. पुढे ते लहान पल्सरवरही उतरले. २००८ मध्ये यामाहाची आर-१५ आली आणि अवघ्या १५० सीसीच्या इंजिनाला अंगभर काउल व शर्यतीची बैठक मिळाली. घरच्यांनी कर्ज काढून घेतलेली अशी गाडी मग तिरोड्यात, साकोलीत, अर्जुनी मोरगावातही दिसू लागली.

या गावांत तिचे झाले काय, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. शहरात अशी गाडी महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत जाई. झाडीपट्टीत तिला घरचे सारे काम पडले. ज्या गाडीवर मुलगा मित्रांना दिपवीत असे, तीच गाडी वडील तालुक्याला सातबारा आणायला नेत. तिच्यावर खताची गोणी आली, दवाखान्यात न्यायची आजी आली. दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू झाला की रात्रभर चालणाऱ्या नाटकांसाठी दूरदूरच्या गावांना तिच्यावरून जाणे आले. थंडीत जायचे, पहाटे धुक्यातून परतायचे. यांपैकी कोणत्याही कामात ताशी १२० चा वारा नव्हता. म्हणून या गाड्या मिस्त्रीकडे आल्या आणि त्यांची हँडले वर जाऊ लागली.

हे काम दिसते तितके सोपे नाही, म्हणून त्याची पद्धत थोडी तपशिलाने सांगतो. फोर्कच्या दोन्ही नळ्या वरच्या बाजूस ज्या आडव्या तुकड्यात घट्ट बसवलेल्या असतात त्याला मिस्त्री ‘टी’ म्हणतात आणि फोर्कला ‘शॉकअप’. क्लिप-ऑन टीच्या खाली आवळलेले असेल तर ते काढून टीच्या वर घेता येते; नळीचे टोक वर पुरेसे हवे. ते पुरत नाही म्हणून नळ्याच टीमधून वर सरकवणे हा चुकीचा मार्ग आहे, कारण त्याने गाडीचे नाक खाली बसते, फोर्कचा उतार बदलतो आणि सरळ रस्त्यावरही गाडी अस्थिर वाटू लागते. दुसरी रीत म्हणजे हँडलच्या खाली धातूचे जाड ठोकळे देणे. लेथवर नीट कातून घेतलेले असतील तरच ते विश्वासाचे. तिसरी आणि मोठी रीत म्हणजे टीच बदलून तिच्यावर अखंड दांड्याचे हँडल बसवणे.

हँडल वर गेले की त्याच्याबरोबर सारे ओढले जाते. दोन-अडीच सेंटीमीटरपर्यंत बहुधा मूळच्या केबली पुरतात. त्यापुढे क्लच व अॅक्सिलेटरच्या केबली लांब घ्याव्या लागतात आणि ब्रेकचे होजही. जाणता मिस्त्री शेवटी एक परीक्षा घेतो. गाडी स्टँडवर घेऊन, इंजिन चालू ठेवून, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवतो. वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप चढला तर केबल ताणली जात आहे असे समजायचे. वळणावर अशी गाडी स्वाराच्या इच्छेविरुद्ध पुढे झेपावते, आणि समोर बैलगाडी असेल तर पुढे काय होईल हे सांगायला नको. ब्रेकचे होज ताणलेले राहिले किंवा बदलताना त्यात हवा राहिली तर परिणाम याहून वाईट. हँडल टाकीला किंवा काउलला टेकता कामा नये. स्वाराचा अंगठा मध्ये चिरडतो. आणि हे सर्व नीट झाले तरी गाडीचा स्वभाव थोडा बदलतोच. स्वाराचा भार मागे सरकतो, पुढचे चाक हलके होते, महामार्गावर वारा छातीवर बसतो. आराम फुकट मिळत नाही. फक्त त्याची किंमत कोठे द्यायची हे आपण निवडतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. नोंदणीच्या पुस्तकात इंजिनाचा क्रमांक, सांगाड्याचा क्रमांक, रंग, क्षमता असते. हँडलची उंची नसते. तरीही टी बदलण्यासारखे मोठे काम काढण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे. येथे मला रस आहे तो कायद्यामागच्या ‘मूळ’ या कल्पनेत. वस्तूचे मूळ रूप कोणते? कारखान्यातून निघताना होते ते, की ज्या कामासाठी ती वापरली जाते त्या कामाला योग्य ठरते ते?

या प्रश्नाचे उत्तर, गमतीची गोष्ट अशी, की शर्यतीच्या मैदानानेच एकदा दिले होते. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या सुपरबाइक शर्यतींत रस्त्यावरच्या मोठ्या गाड्या त्यांच्या उंच, रुंद हँडलांसह धावत. एडी लॉसन याने १९८१ आणि १९८२ ची अजिंक्यपदे कावासाकीच्या अशाच गाडीवर, ताठ बसून मिळवली. त्या जड गाड्यांना वळणात झुकवण्यासाठी लांब तरफेचा उपयोगच होत असे. म्हणजे वाकलेली बैठक ही वेगाचीही एकमेव बैठक नव्हती. तिची सक्ती पुढे रूढ झाली.

आणि उत्पादकांनाही हे कळत गेले. चाकणच्याच कारखान्यात के. टी. एम. ची ड्यूक ३९० २०१३ पासून आणि आर. सी. ३९० २०१४ पासून बनू लागली. दोघींचे हृदय एक, बैठका दोन. एक ताठ, एक वाकलेली. २०१८ मध्ये रॉयल एनफिल्डने ६५० सीसीच्या एकाच इंजिनावर क्लिप-ऑनची कॉन्टिनेंटल जी. टी. आणि उंच हँडलची इंटरसेप्टर अशा दोन गाड्या एकदमच आणल्या. यामाहाने आर-१५ चे इंजिन घेऊन, काउल काढून, हँडल वर घेऊन २०१९ मध्ये एम. टी.-१५ भारतात आणली. गॅरेजच्या ओट्यावर जे काम दीड-दोन तासांत होत होते, त्याला आता शोरूममध्ये स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र किंमत मिळाली. कंपन्यांनी मिस्त्रींचे पाहून हे केले असा दावा मी करणार नाही. इतर देशांतही वारे त्याच दिशेने वाहत होते. मात्र ज्या गरजेला कारखान्याने उशिरा ओळखले ती गरज गॅरेजला आधीच ठाऊक होती, एवढे म्हणता येईल. त्या ओळखीची नोंद कोणत्याही माहितीपत्रकात नाही. ती गाड्यांच्या अंगावर आहे, आणि त्या गाड्या एकेक करून भंगारात चालल्या आहेत.

यावर एक आक्षेप येतो व तो गंभीरपणे घ्यायला हवा. माझ्या एका तरुण विद्यार्थ्याने तो घेतला. तो म्हणाला, ‘‘सर, आरामच हवा होता तर साधी गाडी घ्यायची होती. स्पोर्ट्स बाइकचं हँडल वर घेणं म्हणजे तिचा अपमान आहे.’’ त्याच्या म्हणण्यात रूपाविषयीची निष्ठा आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यात ती असावीच. परंतु आपल्याच वाङ्मयेतिहासाने या आक्षेपाला उत्तर देऊन ठेवले आहे. गझल हा फारसीतून आलेला बांधीव आकृतिबंध. माधव जूलियनांनी १९३३ च्या ‘गज्जलांजली’त तो मराठीत निष्ठेने आणला, अमरावतीच्या सुरेश भटांनी पुढे तो मराठी बोलण्याच्या लयीत मुरवला. भटांनी काफिया सोडला नाही, रदीफ सोडला नाही, वृत्ताची शिस्त सोडली नाही. त्यांनी बदलली ती बैठक : शब्दकळा, बोलण्याचा रोख, श्रोत्याशी असलेले अंतर. त्याने गझलेचा अपमान झाला असे आज कोणी म्हणत नाही. ज्याचे जे सत्त्व आहे ते राखून उरलेले आपल्या हवेला जुळवून घेणे हा परक्या रूपाला आपलेसे करण्याचा एकमेव प्रामाणिक मार्ग आहे. मोटारसायकलीचे सत्त्व तिच्या इंजिनात, ब्रेकमध्ये, सांगाड्यात असते. मनगटाच्या वेदनेत ते नसते.

आणि इथे बारगीर-शिलेदाराचा भेद आठवावा. बारगिराला जे घोडे मिळेल, जे खोगीर मिळेल, त्यावर बसावे लागे. शिलेदार आपल्या घोड्याचा धनी होता. खोगीर कसे कसायचे हे तो ठरवी, आणि घोडे जायबंदी झाले तर नुकसानही तोच सोसे. पैसे मोजून वस्तू घेतली तरी आपण बहुतेक जण तिच्याशी बारगिरासारखे वागतो. ती जशी बसवील तसे बसतो आणि अंग दुखले तर दोष आपल्या वयाला देतो. मीही तेच केले होते. बोटे बधिर झाली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार ‘आता आपले वय झाले’ हा आला. ‘हे हँडल या रस्त्याचे नव्हे’ हा नव्हे. तो दुसरा विचार मला त्या मिस्त्रीने दिला, आणि त्याबद्दल त्याने ठोकळ्यांचे व मजुरीचे पैसे तेवढे घेतले.

त्या दुरुस्तीने काही गेलेही, हे सांगितले पाहिजे. भंडाऱ्याकडच्या महामार्गावर ताशी ९० ला आता वारा छातीवर बसतो आणि माझी गाडी पूर्वीसारखी रस्त्याला चिकटून चालल्यासारखी वाटत नाही. पुढे वाकून, श्वास टाकीवर सोडत, वाऱ्याच्या आवाजात एकटे होण्याचे जे एक सुख असते ते कमी झाले. ते सुख खोटे नव्हते. पण माझ्या आयुष्यातला महामार्ग थोडा आहे आणि बोदलकशाचा रस्ता पुष्कळ.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी पुन्हा त्या वाटेने गेलो. हँडल छातीपासून सोयीच्या अंतरावर, पाठ सरळ, नजर रस्त्याच्या बरीच पुढे. धान कापून झालेल्या बांध्यांत बगळे उतरले होते. शाळेत जाणाऱ्या सायकलींची रांग कडेने चालली होती, आणि त्या मुलींची हँडले माझ्यापेक्षाही उंच होती. तलावाच्या पाळीशी गाडी उभी केली. शेजारी एक जुनी, रंग उडालेली पल्सर उभी होती. तिच्या टीवर दोन्ही बाजूंना लेथवर कातलेले ठोकळे होते, वर्षानुवर्षे हात लागून गुळगुळीत झालेले. ते माझ्या गाडीवरच्या ठोकळ्यांपेक्षा कितीतरी जुने होते. तिचा मालक पाळीखाली कोठेतरी मासे पकडीत असावा. तो वर येईपर्यंत थांबून हे हँडल कोणी व कधी वर घेतले ते विचारावे असे मनात होते. ऊन चढले, कॉलेजची वेळ झाली आणि मी निघालो. पुढच्या खेपेस विचारणार आहे.